भाताच्या गिरणीत मराठी झालेला प्रोग्राम

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसली, की किस्से आपोआप साठतात. गिरणीत कोंडा साठतो तसे. झाडून काढा, पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच! आमच्या खोलीत माणसं चार वर्षं बसली. आता बघा.

खोली माझी. शहापूरला माझी भाताची गिरणी होती, तिच्या मागची. विलास माझ्या चुलतभावाचा मुलगा. आसनगावहून रोज ठाण्याला जायचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. एक दिवस येऊन म्हणाला, "तात्या, लिहायचा एक प्रोग्राम आहे. जगभरची माणसं मिळून बनवतात. मालक कोणी नाय. कोणीपण दुरुस्त करावा, कोणीपण वापरावा. त्यात मराठी घालायचीय. खोली द्याल?"

मी चौथी शिकलेला. त्याच महिन्यात एका कार्यालयात अर्ज द्यायला गेलो होतो. कॉम्प्युटरवरच्या बाबूने विचारलं, "इंग्रजी येतं? नाय? मग बाजूला बसा." दोन तास बसलो. चाळीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस, एका पेटीपुढे अडाणी ठरलो!

विलासला म्हटलं, "खोली घे. पण मशीन मराठी झालंच पाहिजे. आणि चपला बाहेर."

* * *

पहिला कॉम्प्युटर मुरबाडला मिळाला. एक क्लास बंद पडला होता, त्यांनी जुना देऊन टाकला. विलास तो घेऊन एसटीत चढला. गाडी भरलेली. कंडक्टर काशिनाथ ओरडला, "लगेज टपावर!"

"काच आहे हो आत!"

"काय आहे काय ते?"

"कॉम्प्युटर. त्याला मराठी शिकवायचीय."

काशिनाथने एकदा विलासकडे बघितलं, एकदा मॉनिटरकडे. मग स्वतःच्या सीटवरून उठला. मॉनिटर शहापूरपर्यंत कंडक्टरच्या सीटवर बसून आला, काशिनाथ आणि विलास दोघे उभे!

पुढच्या रविवारी काशिनाथ गिरणीच्या दारात हजर. म्हणाला, "माझा पॅसेंजर शिकला का काय?"

त्या दिवसापासून तो आमच्यातला झाला.

* * *

चौथी मंदा. मुरबाडकडच्या गावात अंगणवाडी चालवायची. प्रोग्रामातल्या इंग्रजी वाक्यांचं मराठी करायचं काम तिचं आणि विलासचं. पसंत करायचं काम माझं. मला कळलं तर पास, नाही कळलं तर परत.

एका रविवारी मी घरी लग्नाच्या गडबडीत होतो. तेवढ्यात विलासने एक वाक्य मला न दाखवता आत घातलं. मशीन अडलं की पडद्यावर यायचं, 'घातक त्रुटी उद्भवली आहे.' त्याला फार अभिमान वाटला होता त्याचा.

मंदाने त्यानंतर बचत गटाच्या पाच बाया आणल्या, वापरून बघायला. मशीन अडलं, वाक्य आलं. त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने ते मोठ्याने वाचलं. उठली, भिंतीतली वायर उपटली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दारात आडवी उभी राहिली. "आत कोणी जाऊ नका गो! घातक आहे!"

मीसुद्धा बाहेर. माझ्याच गिरणीच्या बाहेर!

मंदा विलासला म्हणाली, "दादा, बाँब ठेवलाय का काय रे आत?" मग तिने स्वतः लिहिलं, 'काहीतरी चुकलं. तुमचं लिखाण जपून ठेवलं आहे. पुन्हा करून बघा.'

या प्रोग्रामचा कारभार बघणारा योहान नावाचा माणूस जर्मनीत होता. विलासने त्याला सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "आमच्या इंग्रजीतही हेच वाक्य घातलं तर चालेल का? बाईंना विचारा."

मंदा म्हणाली, "विचारतायत काय? घ्या म्हणावं!"

* * *

प्रोग्रामात चूक सापडली की योहानला कळवायची, हेही एक काम. विलास कळवायचा, "छपाई चालत नाही." योहान विचारायचा, "म्हणजे काय होतं?" यात तीन-तीन आठवडे जायचे.

काशिनाथने एसटीत अपघाताचे बरेच रिपोर्ट लिहिले होते. म्हणाला, "सरक रे बाजूला."

त्याने लिहिलं, "रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. तीन ओळी लिहून झाल्या होत्या. चौथी अर्धी असताना छपाईचे बटण दाबले. पडदा पांढरा झाला. मशीन जागेवरच उभे होते. कोणालाही इजा नाही. समक्ष हजर पंच." खाली माझी आणि मंदाची सही.

विलास म्हणाला, "काका, सह्या कशाला?"

"पंचनाम्याला पंच नकोत? मग तो पंचनामा कसला!"

विलासने सगळं जसंच्या तसं इंग्रजी करून पाठवलं. दोन दिवसांत चूक दुरुस्त! योहानने लिहिलं, "इतकी स्वच्छ तक्रार क्वचित येते. एकच शंका. हे दोन पंच कोणत्या खात्याचे अधिकारी आहेत?"

काशिनाथ म्हणाला, "कळव, वरिष्ठ!"

* * *

मग आवणी आली, भाताची रोपं लावायचे दिवस. मंदा तीन रविवार गायब. दिवाळीनंतर सुधारलेला नवीन प्रोग्राम निघणार होता. तोपर्यंत काम पुरं झालं नाही, तर मराठी बाहेर राहणार होती. विलास चिडला. मंदाने निरोप पाठवला, "रोपं थांबायची नायत. तुमचा योहान थांबेल."

मी म्हटलं, "सावड करा." आमच्याकडे आवणीला मजूर कोण लावतो? आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. आम्ही तिघे मंदाच्या शेतात उतरलो. मी आणि काशिनाथ शेतकऱ्याच्या घरचे. विलासने मात्र आयुष्यात पहिल्यांदा रोप हातात धरलं.

मंदाची सासू बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "ह्याची ओळ बघा गो, नागीण चाललीय! कॉम्प्युटरात तरी सरळ लिहितोस का रे?"

दोन दिवसांत शेत झालं. मंदाने पुढचे चार रविवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिलेली सगळी वाक्यं संपवली.

योहान सगळ्या भाषांचा तक्ता ठेवायचा. कोणाचं काम कशामुळे थांबलंय, ते त्यात असायचं. कोणापुढे 'परीक्षा', कोणापुढे 'आजारी'. विलासने तक्ता छापून आणून दाखवला. मराठीपुढे लिहिलं होतं, 'भात'!

* * *

दिवाळीला पंधरा दिवस होते. शेवटची तपासणी. विलास म्हणाला, "तात्या, आता तुमी एक पत्र लिहा. पहिलं मराठी पत्र."

मी बसलो. 'ग्रामपंचायत' लिहायला घेतलं. पहिल्याच अक्षराला प्रोग्राम बंद! पुन्हा उघडला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद.

विलास बसला. त्याने अख्खं पान लिहिलं. काही झालं नाही. मंदाने लिहिलं, काही नाही. मी बसलो की बंद!

"तात्या, तुमचा हात लागतो कुठेतरी."

"चाळीस वर्षं गिरणीच्या पट्ट्याजवळ हात घातलाय. दहाही बोटं आहेत. मोज."

विलास हळूच म्हणाला, "हे आत्ता कळवलं तर योहान मराठी बाहेर ठेवील. चार वर्षांचं काम जाईल. आधी आत जाऊ दे, मागून बघू."

मी म्हटलं, "खडे असलेला तांदूळ या गिरणीतून बाहेर गेला नाय. हापण जाणार नाय. कळव."

"आणि मराठी राहिली तर?"

"तर राहिली. कळव!"

कळवलं. उत्तर आलं, "आम्ही करून बघितलं, आमच्याकडे असं होत नाही. पुरावा मिळाला नाही, तर तक्रार बंद करू. मिळाला, तर मराठीचं काय करायचं ते ठरवू."

म्हणजे मी खोटा! त्या रविवारी मी सकाळी आठला बसलो आणि दुपारपर्यंत उठलो नाही. बाकी तिघे मागे उभे. प्रोग्राम अकरा वेळा बंद पडला. बाराव्या वेळी मंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या, थांबा. तुमी आत्ता काय करताय?"

"र शोधतोय."

"किती वेळ झाला?"

काशिनाथने घड्याळ बघितलं. "मिनिट होत आलं."

आणि बंद!

विलासने कपाळावर हात मारला. हात थांबला की प्रोग्राम लिहिलेलं आपोआप जपून ठेवायचा. मी 'ग' अर्धा करून पुढचा 'र' शोधत बसायचो. जोडाक्षर अर्धं असताना तो जपायला गेला, की तिथेच आडवा. हे सगळे भराभर लिहिणारे. जोडाक्षराच्या मधे मिनिटभर कोण थांबतो?

मंदाने स्वतः 'ग' अर्धा केला आणि हाताची घडी घालून बसली. बंद! विलासने केलं. बंद! काशिनाथ नाचायचाच बाकी होता.

विलासने त्याच दिवशी आसनगावला जाऊन इंटरनेटवरून सगळं योहानला कळवलं. तीन दिवस उत्तर नाही.

चौथ्या दिवशी विलास कामावर न जाता सकाळीच गिरणीत आला. हातात छापलेला कागद. त्याने उभ्या उभ्याच वाचून दाखवला.

योहानने लिहिलं होतं, "ही चूक जोडाक्षरं असलेल्या सगळ्या भाषांत होती. प्रोग्राम मधेच बंद पडतो, अशा तक्रारी दोन वर्षं येत होत्या. आमच्यापैकी कोणालाही कारण सापडलं नाही. आता दुरुस्त केली. मराठी आत घेतली आहे. यापुढे प्रत्येक नवीन प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तुमच्या तात्यांकडे तपासायला येईल. एकच विनंती. त्यांना भराभर टायपिंग शिकवू नका."

नाही शिकलो.