दुकानात भेटलेला कात्रीवाला

जळगावच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराने मेलेलं कोरल, म्हणजे प्रवाळ, माझ्या गळ्यात मारलं, अशी माझी खात्री होती. घरच्या माशांच्या नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते छत्रीसारखं मऊ कोरल नऊ दिवसांत आकसून गेलं होतं. ते बादलीत घालून मी रावेरहून थेट भांडायला गेलो.

दुकानात सोनगीरकडचा एक माणूस माशांचं खाद्य घ्यायला आला होता. "केळीवाला असलो म्हणून फसवता?" असा माझा आरडाओरडा चालू असतानाच त्याने शांतपणे हात धुतले आणि बादलीत बोट घालून कोरलचा देठ दाबून पाहिला.

"हाई मरेल नही शे, भाऊ. जिवंत आहे. कितीदा हलवलं?"

"रोज. कधी दिव्याखाली, कधी पंपासमोर. खुलतच नव्हतं!"

"केळीचं रोप रोज उपटून दुसऱ्या खड्ड्यात लावता का?"

दुकानदार फिस्सकन हसला. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात त्या माणसाने कात्री मागितली आणि माझ्या डोळ्यांदेखत कोरलचा सडका बुंधा कचकन कापला. उरलेली छत्री त्याने जाळीच्या तुकड्याने दगडावर सैल बांधली.

"मंद उजेडात ठेवा, आणि तुमचा हात टाकीबाहेर."

हे विकतानाच सांगायला हवं होतं, म्हणून दुकानदारावर माझा राग आजही आहे. पण अर्धं आयुष्य केळी लावून मला ते कळू नये?

पंधरवड्याने जाळी सुटून पाण्यावर तरंगताना दिसली. मी हात घालणार, तोच दिसलं: छत्री जागेवरच होती, दगड घट्ट धरून.