चाळीस जणींसाठी कच्चं

एका सोमवारी सकाळी सात वाजता मी गॅसचा नॉब बंद केला, शेगडीवर भरतकामाचा रुमाल पसरला आणि त्यावर फुलदाणी ठेवली. पुढचे तीस दिवस आमच्या घरात काहीही शिजणार नव्हतं.

मला कुठलाही आजार नव्हता. कुणी गुरूही भेटले नव्हते. मला फक्त कुतूहल होतं. मागे एकदा सिलिंडर अवेळी संपला, तेव्हा आम्ही दुपारी काकडी, भिजवलेले शेंगदाणे आणि पपई यांवर भागवलं होतं आणि त्या दिवशी मला जेवल्यावर झोप आली नाही. एका दुपारी झोप येत नाही, तर तीस दुपारी काय होईल? मी वहीत एक पानभर प्रश्न लिहून काढले. दुपारची झोप पोळीमुळे येते की भातामुळे? भूक जिभेला लागते की पोटाला? शिजवण्यातला वाचलेला वेळ जातो कुठे? (याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं: चिरण्यात जातो, आणि वर आणखी एक तास घेऊन जातो.)

नवऱ्याला विचारून ठरवलं असं म्हणणं खोटं होईल. दिलीपला मी कळवलं. तो बराच वेळ फुलदाणीकडे बघत राहिला आणि चहाचं काय, एवढंच त्याने विचारलं. आलं-लिंबू घातलेलं गार पाणी मिळेल, असं मी सांगितलं. तो बरं म्हणाला. दिलीप पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांच्या मालातले दोष काढणं हा त्याचा व्यवसाय. असा माणूस माझ्या योजनेत एकही दोष न काढता बरं म्हणतो, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

इथे खालच्या मजल्यावरच्या अक्कांची ओळख करून द्यायला हवी. त्यांचं घराणं या कानडी मुलखात तीनशेहून जास्त वर्षं आहे. त्यांची मराठी घरची, पण तिच्यात कानडी शब्द असे वस्तीला आलेत की आता मूळचे कोण आणि पाहुणे कोण ते सांगता येत नाही. आम्ही एकोणीस वर्षांपूर्वी पुण्याहून मल्लेश्वरमला आलो, तेव्हा सामान उतरवायच्या आधी अक्कांचा चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा वर आला होता. मी तो साबुदाण्याची खिचडी घालून परत केला. तेव्हापासून डबा थांबलेला नाही, कारण आमच्याकडेही तोच नियम आणि त्यांच्याकडेही तोच: दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. अगदीच काही नसेल तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामा नाही.

त्या सोमवारीही अक्कांचा एक डबा माझ्याकडे होता. मी त्यात मोड आलेले मूग, किसलेलं गाजर आणि खोबरं घालून तो खाली नेऊन दिला आणि जिन्यातच सांगितलं, की महिनाभर आमची शेगडी बंद, घरात काही पेटवायचं नाही.

"तीस दिवस?" अक्कांनी विचारलं. "दोघंही?"

दोघंही, मी म्हटलं. अक्कांनी छातीवर हात ठेवला आणि काशीहून परत आलेल्या माणसाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आहारशास्त्राचा प्रभाव पडला. खरं तर मी कुणालाही कशाबद्दलही सविस्तर सांगितल्याशिवाय सोडत नाही. पण नेमका त्याच वेळी भाजीवाला खाली हाका मारत होता, आणि सविस्तर सांगणं राहून गेलं. एकोणीस वर्षांत एकदाच मी थोडक्यात बोलले!

मग रोजचा क्रम लागला. कच्च्या आहाराचा प्रसार शेजारापासून करावा, म्हणून मी रोज संध्याकाळी सात वाजता एक डबा अक्कांसाठी भरत असे. कधी किसलेल्या फ्लॉवरचा 'भात', कधी दुधीच्या 'शेवया', कधी खोबरं भरलेली ढोबळी मिरची. दिलीप फिरायला जाताना तो खाली देई आणि तासाभराने डबा घेऊन वर येई. डब्यात दोन येलक्की केळी असत. रोज दोन, छोटी, पिवळीधमक.

हे मला कोडं होतं. एकोणीस वर्षांत अक्कांनी मला कधी केळी दिली नव्हती. त्यांच्या हातून डबा यायचा तो तुपाने ओशट झालेला, आणि आता हे काय? मी वहीत प्रश्न लिहिला, चार दिवस विचार केला आणि उत्तर काढलं: अक्का हळूहळू आपल्या बाजूला येत आहेत. न शिजवलेलं देऊन त्या मला साथ देत आहेत. मला इतकं भरून आलं की मी डब्याचा आकार वाढवला.

दुसरं कोडं दिलीपचं होतं. दोन आठवड्यांत माझं वजन तीन किलो उतरलं होतं. सहनशक्तीही साधारण तेवढीच उतरली असावी. दुपारी झोप येत नव्हती हे खरं, पण जागेपणी मला पिठलं दिसायचं. दिलीप मात्र शीळ घालत घरात फिरायचा. रात्रीच्या काकडीला कधी नाही म्हणायचा नाही, आणि दोनच फोडी खाऊन पोट भरलं म्हणायचा. त्याचं वजन दोन किलोने वाढलं. दोन वेळा काट्यावर उभं केलं, काटा दुसरीकडे सरकवून बघितला, तरी वाढलेलंच. यावर मी बराच विचार केला आणि असा सिद्धान्त मांडला की पुरुषाचं शरीर कच्च्या अन्नातलं सत्त्व अधिक वेगाने शोषून घेतं. दिलीप म्हणाला, असेल. मी त्याचा रंगीत आलेख काढला.

हा आलेख मला लागणार होता. आमच्या मराठी मंडळाच्या महिला विभागात अकरा वर्षं सतरंज्या, हजेरी आणि चहाचे कप हे माझं खातं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी सगळ्यांत आधी येते आणि सगळ्यांत शेवटी जाते, आणि मधल्या वेळात माइक दुसऱ्यांकडे असतो. त्या महिन्याच्या वक्त्या ऐनवेळी गावी गेल्या आणि मी धीर करून आमच्या अध्यक्ष सहस्रबुद्धे वहिनींना म्हटलं, की मी बोलते. कच्च्या आहारावर, प्रात्यक्षिकासह, सगळ्यांना चव देऊन.

वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सुनीता, रविवारी साडेदहाला चाळीस बायका येतात त्या ऐकायला नव्हे, खायला. उपाशी गेल्या, तर पुन्हा तुझं नाव सुचवायला मला तोंड राहणार नाही. बघ बाई."

म्हणजे एकच संधी होती. अकरा वर्षांत पहिली आणि पडले तर शेवटची. शनिवारी मी चार तास चिरलं. नऊ फ्लॉवर किसले, तीन दिवस मोड आणलेले मूग निवडले, गाजर, बीन्स, ढोबळी मिरची एकसारखी कापली, नारळाचं दूध काढून त्यात कोकम घातलं, आणि खजूर-बदामाच्या वाटणाच्या चाळीस पोळ्या गच्चीवर उन्हात वाळवल्या. (कावळ्यांनी खाल्लेल्या सहा वेगळ्या.) एवढं सगळं आमच्या फ्रीजमध्ये मावेना. अक्कांचा फ्रीज कपाटाएवढा आहे. दिलीपने चार खेपा करून पातेली खाली पोचवली आणि मी अक्कांना फोन केला, की हे उद्या मंडळात चाळीस जणींसाठी आहे, सकाळी दहाला न्यायचं आहे, तेवढं तुमच्याकडे राहू दे.

पलीकडे अक्कांनी आकडा मोजून घेतला.

"चाळीस," अक्का म्हणाल्या. मग पदर खोचल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. तुम्ही काही काळजी करू नका."

फ्रीजमध्ये ठेवलेल्या फ्लॉवरची काळजी कसली करायची, ते मला कळलं नाही. पण वाक्य गोड वाटलं.

रविवारी साडेआठला मी हॉलवर होते. सतरंज्या घातल्या (सवयीने), आलेख भिंतीवर चिकटवला, आणि वक्त्याने फोन बंद ठेवावा या मीच केलेल्या नियमानुसार फोन पर्समध्ये टाकला. त्यावर दिलीपचे नऊ फोन येऊन गेले, हे मला दुपारी कळलं. साडेदहाला चाळीसच्या चाळीस बायका हजर. वहिनींनी माझी ओळख करून दिली आणि माइक माझ्या हातात आला. तो हजारदा मी उचलून कपाटात ठेवला होता, पण चालू असताना तो इतका जड लागतो हे मला माहीत नव्हतं.

सुरुवात छान झाली. प्रश्नांची वही दाखवली, तीन किलोंना टाळ्या मिळाल्या. मग मी आलेखाकडे वळले, दिलीपच्या चढत्या रेषेवर पट्टी टेकवली आणि म्हणाले, की सत्तावीस दिवस आमच्या घरात फोडणीचा वास आलेला नाही, आणि हा बघा परिणाम.

नेमका तेव्हाच फोडणीचा वास आला.

मला आधी वाटलं, हा भुकेचा भास. पिठलं दिसायचं, आता वासही येऊ लागला. पण पहिल्या रांगेतल्या बायकांनीही माना वळवल्या. हिंग, मोहरी, कढीपत्ता, आणि पाठोपाठ साजूक तूप. दारात रिक्षा उभी होती. तिच्यातून टॉवेलात गुंडाळलेली पातेली उतरत होती, आणि टॉवेलांतून वाफ येत होती. माझी पातेली! पुढे अक्का होत्या, मोरपंखी रेशमी साडीत, आणि मागे दिलीप. खालच्या मजल्यापासून हॉलपर्यंतचा सगळा रस्ता विचार करूनही काहीही न सुचलेल्या माणसाचा चेहरा घेऊन.

मी माइक हातात धरूनच खाली उतरले आणि झाकण उचललं. माझे मूग खोबरं-मसाल्यात रटरटून तांबूस झाले होते. फ्लॉवर, बीन्स आणि गाजर भातात मिसळून वर काजू पडले होते. सोलकढी गरम होऊन तिचं सार झालं होतं. पोळ्या तुपावर खरपूस भाजलेल्या.

"अक्का," मी म्हटलं, "हे काय केलंत?" माइक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

"अय्यो, त्यात काय?" अक्का म्हणाल्या. "फ्लॉवर चाळीस जणींना पुरला नसता, म्हणून स्वल्प तांदूळ घातले. पहाटे चारला लागले, झालं की."

"पण शिजवलंत कशाला?"

आता अक्का गोंधळल्या. त्यांनी दिलीपकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणला, जसा देवघरात आणतात. "तुमचं व्रत आहे ना? घरात पेटवायचं नाही, आणि तोंडाने मागायचंही नाही. म्हणून तुम्ही रोज चिरून पाठवता. मला कळत नाही काय? आमच्या आजीने पण धरलं होतं. शेजारच्यांनी गुपचूप करून घालायचं, बोलून दाखवायचं नाही. बोललं तर दोघांचं पुण्य जातं. मी सत्तावीस दिवस एक शब्द काढला काय?"

नव्हता काढला. रोज माझा डबा खाली जात होता, अक्का त्यातलं शिजवत होत्या, आणि डबा रिकामा न पाठवण्याचा नियम पाळून दोघांपुरतं भरून दिलीपच्या हाती देत होत्या. मी दिलीपकडे बघितलं.

"गच्चीवर," तो म्हणाला. "गरम असायचं गं."

"दोघांचं?"

"थोडंसंच असायचं."

"आणि केळी?"

"डबा रिकामा कसा आणणार?" दिलीप म्हणाला. "कोपऱ्यावरून घ्यायचो."

हॉलमध्ये चाळीस बायका इतक्या शांत बसल्या होत्या, जितक्या त्या आजवर कुठल्याच वक्त्यासाठी बसल्या नव्हत्या. भिंतीवर दिलीपची चढती रेषा होती. तिचा अर्थ आता सगळ्यांनाच कळला होता. अक्कांचे डोळे मात्र भरले होते. पुण्य गेलं की काय, एवढीच त्यांची चिंता. पहाटे चारपासून उभं राहून त्यांनी चाळीस माणसांचं रांधलं होतं, माझं व्रत मोडू नये म्हणून, आणि मी भर सभेत त्यांना जाब विचारत होते. संधी तर माझी गेलीच होती. निदान अक्कांचं पुण्य तरी राखावं (व्रतच नव्हतं, तर बोलल्याने मोडणार काय?), म्हणून मी पुन्हा स्टेजवर चढले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. माझ्या सिद्धान्तासकट.

हशा असा उठला की मला तीनदा थांबावं लागलं. चौथ्यांदा थांबले तेव्हा वहिनींनी वाढायला सुरुवात केली होती. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि माझ्याकडे ताट पुढे करत म्हणाल्या, "सुनीता, बोल तू. आम्ही ऐकतोय. पुढच्या महिन्यातही तूच बोल, पण अक्कांना घेऊन ये."

मला खरंच पुढे बोलायचं होतं. कच्च्या आहाराचे सात फायदे शिल्लक होते. फक्त घसा ओला करावा म्हणून मी त्या ताटातला एक घास घेतला, शास्त्रीय निरीक्षण म्हणून दुसरा घेतला, आणि माझं भाषण नेमकं कुठे संपलं ते आजही कुणाला सांगता येत नाही, कारण त्यानंतर मंडळाच्या माइकवरून पंधरा मिनिटं फक्त माझ्या चावण्याचा आवाज येत होता.