तोच मोझू की दुसरा?

मंजिरी वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी इंदूरच्या आमच्या विमा ऑफिसात एका फॉर्मवर सही करत होते. वहिनी दोनच वाक्यं बोलल्या. "अंजू, हे गेले गं. पण शेवट बघून गेले." मी नुसतं "हो" म्हटलं. समोरचे गृहस्थ फॉर्मसाठी हात पुढे करून उभे होते, त्यांना फॉर्म दिला आणि खुर्चीत बसले. त्या क्षणी मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आपला सख्ख्यासारखा आत्येभाऊ गेला आणि आपल्याला हलकं वाटतंय, याची लाजही वाटली... पण वहिनींच्या आवाजातही तेच होतं, आणि मग लाज जरा कमी झाली.

शेवट कशाचा, ते सांगायला हवं. नंदूदादा ज्याचा शेवट बघून गेला तो एक व्हिडिओ गेम होता. पन्नाशी ओलांडलेला, उज्जैनच्या एका पंचांग छापणाऱ्या प्रेसमध्ये जन्मभर मुद्रितं तपासणारा माणूस. तिथी-नक्षत्रांच्या आकड्यांत एक पळ इकडचं तिकडे झालं तर कुणाची तरी एकादशी चुकेल म्हणून प्रत्येक तक्ता तीनदा वाचणारा. त्याने वीस वर्षांहून जास्त काळ एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. 'व्हेलमार' नावाच्या गेममधला मोझू पुढच्या भागांतही तोच आहे, की दुसराच कुणी आहे?

मी कॉलेजात होते तेव्हा उज्जैनला आमच्या फ्रीगंज भागात एक सायबर कॅफे होता. दादाला नुकतीच नोकरी लागली होती. मला एकटीला तिथे पाठवायला बाबा तयार नव्हते, म्हणून दादा सोबत यायचा. तो स्वतः कधीच खेळला नाही. "माझ्या बोटांना ते जमत नाही, तू चालव, मी वाचतो," म्हणायचा. 'बघतो' नाही, 'वाचतो'. व्हेलमारची गोष्ट साधी होती. ताशा नावाची मुलगी हरवलेल्या आपल्या गावाच्या शोधात निघते आणि तिच्या दोन पावलं मागे चालत असतो मोझू... ठेंगणा, करड्या कोटातला, खांद्यावर पोतडी. बोलत नाही. ताशा दमली की पोतडीतून पाव काढून देतो, एवढंच. पहिल्या भागाच्या शेवटी एक अवाढव्य लोखंडी दरवाजा खाली येत असतो आणि मोझू तो डाव्या खांद्यावर तोलून धरतो. ताशा पलीकडे निघून जाते, मोठा लखलखाट होतो, त्यात तिची नजर अधू होते, आणि दरवाजा कोसळतो. मोझू अलीकडेच राहतो. त्या दिवशी दादा बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप उघडायचं विसरला आणि तशीच ओढत राहिला. "मेला यार तो," एवढंच बोलला.

तीन-चार वर्षांनी दुसरा भाग आला आणि त्यात पहिल्याच दृश्यात मोझू ताशाच्या मागे उभा! कसा वाचला, कुठून आला, काही खुलासा नाही. जगभरचे लोक इंटरनेटवर तुटून पडले. कुणी म्हणे जुळा भाऊ आहे, कुणी म्हणे ताशाचा भास आहे, कुणी म्हणे गेम बनवणाऱ्यांचीच चूक झाली. दादाने मला एक कागद दिला. मुद्रितं तपासताना करायचा तसे दोन रकाने आखलेले, डावीकडे पहिला भाग, उजवीकडे दुसरा. पहिल्यात मोझू पाव डाव्या हाताने देतो, दुसऱ्यात उजव्या. पहिल्यात पाण्यात बेधडक शिरतो, दुसऱ्यात काठावर थबकतो. अशा एकोणीस जागा. खाली लिहिलं होतं, "हा मोझू नाही. कोट त्याचा आहे. कोट आणि पोतडी दुसऱ्या कुणाला तरी सापडली. ताशाला नीट दिसत नाही, ती कोट ओळखते. आणि हा तिला खरं सांगत नाही, कारण सांगितलं तर ती एकटी पडेल." माझ्या अंगावर काटा आला. दादा म्हणाला, "इंग्रजीत करून तिकडे पाठव ना. माझं इंग्रजी प्रेसपुरतंच आहे."

मी पाठवलं. माझ्या नावाने.

पहिल्या दिवशी ते खरंच अनवधानाने झालं. खातं माझं होतं, वर माझंच नाव दिसलं. दुसऱ्या दिवशी शंभरेक लोकांनी वाहवा केली होती. तेव्हा एक ओळ लिहायची होती, हे माझ्या भावाचं आहे... ती लिहिली नाही. आठवड्याने त्याला 'कोट थिअरी' म्हणायला लागले. पुढच्या वर्षी परदेशातल्या कुणीतरी त्यावर लांबलचक व्हिडिओ केला आणि त्यात माझी मुलाखत घेतली. दादाने एकदा विचारलं, "काही बोलले का गं लोक?" मी म्हटलं, "फारसं नाही रे." तो "अच्छा" म्हणाला आणि विषय संपला. मग माझं लग्न झालं, मी इंदूरला आले. उज्जैन बसने दीड-दोन तासांवर, पण मी दिवाळीला एक दिवस जायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. घरचे म्हणायचे नोकरी फार आहे तिला. नोकरी एवढीही नव्हती.

मधल्या काळात तिसरा भाग आला, आणि त्या चर्चेच्या जागी 'इराटा' नावाचा एक माणूस अवतरला. कोट थिअरीचा कट्टर विरोधक. इंग्रजी तुटक पण नेमकं. "दुसरा भाग, चौथा टप्पा, पुलाजवळ. तुमचं विधान चूक. पुन्हा पाहा." बस, एवढंच लिहायचा, आणि ते खरं निघायचं. त्याचं म्हणणं, कोट उचलता येतो, पोतडीची गाठ कशी उचलणार? मोझू पोतडीला गाठ मारताना दोरी दोनदा उलटी फिरवतो, ती लकब तिन्ही भागांत सारखी आहे. तेव्हा हा तोच. दरवाजाखाली डावा हात निकामी झाला म्हणून उजवा वापरतो, आणि एकदा मरता मरता वाचला म्हणून पाण्याला भितो. मी त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून उत्तरं लिहायची. मला वाटायचं कुणीतरी निवृत्त गोरा म्हातारा असेल, पाईप ओढणारा.

गेल्या वर्षी दादाचं हृदय थकलं. डॉक्टर वहिनींना बाजूला घेऊन म्हणाले, "देखिए, साल भर निकल जाए तो बहुत समझिए." त्याच सुमारास चौथा आणि शेवटचा भाग येणार असं जाहीर झालं. वहिनींचा फोन आला, "अंजू, तो तुमचा खेळ येतोय म्हणे. हे रोज विचारतात, अंजूशिवाय चालवणार कोण." मला नाही म्हणता आलं नाही. पण कागदावरचे ते एकोणीस मुद्दे पोटात ठेवून त्याच्या शेजारी बसणंही शक्य नव्हतं.

थंडीचे दिवस होते. दादाला ऊन हवं असायचं म्हणून शनिवारी दुपारी मी त्याला ऑटोने राम घाटावर नेलं. पायऱ्या उतरायला मनाई होती, वरच बसलो. खाली एक गुरुजी कुणाकडून तरी संकल्प म्हणवून घेत होते. मी म्हटलं, "दादा, ते कोटाचं... मी तिकडे तुझं नाव टाकलंच नाही. लोकांना वाटतं माझं आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसतात ना तिवारीजी, त्यांनी तो व्हिडिओ दाखवला. म्हणे 'नंदू भैया, ये तो आपकी बहन है.' तो माणूस तुला विचारतो, हे तुम्हाला कसं सुचलं? आणि तू पाणी प्यालीस. घोट ऐकू आला मला."

मी मान खाली घातली. तो म्हणाला, "खोटं नाही सांगत, काही वर्षं राग होता. दिवाळीला तू यायचीस तेव्हा मी मुद्दाम बाजारात जायचो, लक्षात आलं का तुझ्या?" आलं नव्हतं. मीच त्याला टाळत होते, तो मला टाळतोय हे कळणार कसं! "मग तिसरा भाग आला. तिवारीजींच्या मशीनवर बघितला लोकांनी खेळलेला. आणि अंजू, त्यात ती गाठ दिसली. माझीच थिअरी चूक होती. एवढी मोठी चूक माझ्या नावाने छापून गेली असती यार! मी तर सुटलो ना. शिव्या तुला पडत होत्या."

"कुणाच्या शिव्या? एक तो इराटा सोडला तर..."

दादा नदीकडे बघत होता. त्याचा खांदा हलायला लागला. मला वाटलं दम लागला, मी गोळी शोधायला पर्स उघडली. तो हसत होता. "अगं, इराटा म्हणजे काय?"

शुद्धिपत्र. पुस्तकाच्या शेवटी चुकांची यादी असते, ते. सात-आठ वर्षं मी ज्या माणसाशी डबा गार करून भांडत होते तो फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत बसून, डिक्शनरी उघडून मला उत्तरं लिहीत होता. "बोलायचं तर होतं तुझ्याशी," तो म्हणाला, "मग म्हटलं, असंच सही." मी तिथे, माणसांच्या गर्दीत, मोठ्याने रडले. एक बाई विचारायला आली, "क्या हुआ दीदी, कोई गुज़र गया?" दादा म्हणाला, "नहीं नहीं, अभी टाइम है." त्यावर ती बाई घाबरून निघूनच गेली.

त्याने एकच अट घातली. चौथा भाग यायच्या आत खरं काय ते लोकांना सांग, नंतर सांगण्यात काय मजा. मी आधी मराठीत दीड पान लिहून नेलं. त्याने लाल पेन्सिल घेतली. "'अक्षम्य' काढ. मी क्षमा केली ना? मग शब्द चुकीचा ठरतो." 'विलक्षण बुद्धिमत्ता' काढली, 'माझा थोर भाऊ' मधला 'थोर' काढला. शेवटी चार ओळी उरल्या. कोट थिअरी माझ्या भावाची आहे, मी ती माझी म्हणून मिरवली, ती खोडून काढणारा इराटाही तोच आहे, आणि आम्ही आता बोलतो. त्या चार ओळी मी इंग्रजीत करून टाकल्या. मला वाटलं होतं लोक फाडून खातील. काहींनी खाल्लंही, ते बरोबरच होतं. पण बाकीचे दादाला विचारायला लागले की तुमची नेमकी बाजू कोणती. त्याने मला लिहायला लावलं, "दोन्ही माझ्याच आहेत. आता मी हरूच शकत नाही."

चौथा भाग आम्ही सहा शनिवार-रविवार खेळलो. मी सकाळच्या बसने यायची. पुढच्या खोलीत टीव्हीसमोर त्याची कॉट ओढली होती, पाठीशी तीन उशा. मी चालवायची, तो वाचायचा. "थांब. मागे घे. कोटाचं बटण बघितलंस?" दम लागला की हात वर करायचा, मी थांबायची. वहिनी आत भाजी निवडत असायच्या. त्या कधी बघायला बाहेर आल्या नाहीत.

शेवटच्या रविवारी ताशा समुद्राकाठी पोचली. तिची नजर आता पुरती गेली होती. बोटीत चढताना ती मोझूचा हात मागते आणि तो नेहमीसारखा उजवा पुढे करतो. ती तो बाजूला सारते, चाचपडत डावा शोधते, आणि तिच्या बोटांना खांद्यापासून मनगटापर्यंत गेलेला तो जुना व्रण लागतो. दरवाजाचा. तोच मोझू होता, चारही भागांत तोच. आपल्यापायी त्याचा हात गेला हे कळलं तर ती गावाचा शोध सोडून मागे वळेल, म्हणून त्याने तो लपवला होता. मी दादाकडे बघितलं. तो काही ओरडला-बिरडला नाही. मोठा श्वास सोडून उशीला टेकला. "वाचला होता गं तो," तो म्हणाला. "आधी इतकी वर्षं उगाच मेला म्हणत होतो मी त्याला." थोड्या वेळाने म्हणाला, "माझं चुकलेलं मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं."

बुधवारी सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन तो पेपर वाचत होता. वहिनी कप उचलायला आल्या तेव्हा पेपर छातीवर होता.

तेरावं झाल्यावर सगळे पाहुणे गेले. मी दोन दिवस राहिले होते. दुपारी वहिनी पुढच्या खोलीत आल्या आणि कॉटच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "अंजू, पहिल्यापासून लाव ना तो खेळ. ह्यांनी मला तेव्हा सांगितलं होतं, त्यात तो बिचारा दरवाजाखाली जातो. म्हणून मी कधी बघितलाच नाही." मी विचारलं, "मग आता?" "आता काय, वाचतो ना तो."

आम्ही दोन दिवसांत पहिला भाग संपवला. वहिनींना बरंच काही विचारायचं होतं. ही मुलगी घरून न सांगता कशी निघाली, पोतडीतला पाव शिळा होत नाही का. दरवाजा खाली यायला लागला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मोझूने खांदा लावला, ताशा पलीकडे गेली, लखलखाट झाला, दरवाजा कोसळला. पडद्यावर धूळ तेवढी राहिली. वहिनींनी माझा हात सोडला, पदराने डोळे पुसले आणि उठल्या.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तू दुसरा लाव तोवर."