फणसाच्या फळीचे चार वाटे

मी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारचे चार तुकडे मी स्वतःच्या हाताने केले. गावात अजून सांगतात की माझ्या चुलतभावाने ती मोडली. खोटं आहे. करवत धरण्याची त्याची छाती नव्हती, आणि तेवढं श्रेयसुद्धा मी त्याला देणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तळेऱ्याच्या तिठ्यावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक टेबल, एक सोल्डरिंगची कांडी आणि मागे मुक्या रेडिओंची रांग. कुणाच्या उपकारावर उभं केलेलं नव्हतं. घर मात्र मिठबावकडे, एकाच आवारातल्या चार घरांपैकी एक. थोरले काका, मस्कतला असलेले मधले काका, माझे वडील आणि धाकटे काका. चुली वेगळ्या, झाडं सामायिक.

चुलतभाऊ हा मधल्या काकांचा मुलगा, माझ्याहून वर्षाने मोठा. काकांनी त्याला मस्कतहून गिटार आणली. पिकल्या रातांब्यासारखी लाल, आणि तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावर कुणा परदेशी वादकाची सोनेरी सही. त्या वादकाला हवी तशी कंपनीने घडवलेली, म्हणून त्याच्या सहीने विकलेली. चुलतभाऊ ती सही दिवसातून दोनदा फडक्याने पुसायचा. वाजवता त्याला फारसं येत नव्हतं. मला येत होतं. गोव्यातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये दोन हंगाम सामान उचलून, त्यांच्या शिव्या खाऊन मी शिकलो होतो. मी एकदा त्याची गिटार नुसती धरायला मागितली.

"हात धू पयलो," तो म्हणाला.

मी धुतले.

"फुस आता."

मी पुसले. मग त्याने आत वळून आईला हाक मारली, "गो आये, बघ गो. धुतले तरी ह्येच्या हाताक सोल्डराचो वास येता." काकी हसली. गिटार त्याने पेटीत ठेवली आणि पेटीला कडी लावली.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळात विहिरीकडचा सामायिक फणस पडला. फणसाचं लाकूड वाद्याला उत्तम, मृदंगाची खोडं त्याचीच करतात, हे मला ठाऊक होतं. थोरले काका करवतवाल्यांवर देखरेख करत उभे होते. मी म्हटलं, "काका, माका एक फळी व्हयी." ते तपकीर ओढत म्हणाले, "ने रे. एका फळयेन काय जाता?"

मी नेली. इथेच चुकलो. ग्राहकाकडून चिठ्ठी लिहून घेतल्याशिवाय रेडिओ न उघडणारा मी, घरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर गेलो. आमच्या घराण्यात सामायिक वस्तूचा शब्द म्हणजे चारही घरं खळ्यात, म्हणजे सामायिक अंगणात, बसणार, मध्ये नारळ ठेवणार, देवाला गाऱ्हाणं घालणार, मग दिलेला शब्द खरा. बाकी सगळा वारा. मी नारळ ठेवला नाही. एका फळीसाठी कशाला, म्हटलं.

फळी वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवली. उरलेलं खोड तोवर चारही घरांच्या न्हाणीत, पाणी तापवायच्या चुलीत, जळून गेलं. दांडी केली जुन्या सागवानी चौकटीची. ती चौकट मी तिठ्यावरच्या एका हॉटेलवाल्याकडून, त्याचा रेडिओ दोनदा फुकट दुरुस्त करून, मिळवली होती. दांडीवर सुरांच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यासाठी पितळी तार म्हापशाहून आणली. तिथला म्हातारा दोन पेट्या हापूस मागत होता. मी त्याला एका पेटीवर आणला, आणि त्या पेटीचा खालचा थर साध्या रायवळ आंब्यांचा होता. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपसाठी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक फोडलं आणि जळक्या ट्रान्सफॉर्मरची केसाहून बारीक तार त्यावर हजारो वेढे गुंडाळली. तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पट्ट्यांची अंतरं कुठून मोजणार? सहीवाली गिटार तर कडीत. मी शाळेतली बाजाची पेटी मागून आणली आणि एकेक पट्टी सुरावर लावली. महिना गेला. रंग दिला नाही. फणसाचा पिवळा रंग हळदीसारखा दिसत होता, तो झाकायचा कशाला?

चतुर्थी झाल्यावर कणकवलीचा एक ऑर्केस्ट्रावाला गिटारवाला शोधत आला. पुढचा पूर्ण हंगाम, त्रिपुरी पुनवेच्या जत्रेपासून मेपर्यंत, रोज नवं गाव. मला त्या ऑर्केस्ट्राच्या मचाणावर उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं. तिठ्यावरची माणसं मला "ए रेडिओ" म्हणून हाक मारत. त्यांनी खाली बसून मान वर करून माझ्याकडे बघावं, एवढंच.

आम्ही दोघांनी वाजवून दाखवलं. चुलतभावाची गिटार बघून मालक उठून उभा राहिला, आणि वाजवणं ऐकून बसला. माझी बघून तो हसला. "हे काय, पोळपाट?" मी वाजवलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, "पुनवेला ये. पोळपाट घेऊन ये."

चुलतभावाने जाताना मला एवढंच विचारलं, "माझ्या गिटारीवर सही आसा. तुझ्या फळयेक कोणाची सही आसा रे?" मला वाटलं, जळतोय. जळू दे.

जत्रेला आठ दिवस असताना सकाळी थोरल्या काकांनी चारही घरांना खळ्यात बोलावलं. मध्ये नारळ, नारळाशेजारी माझी गिटार. चुलतभावाने माझ्या आईकडून मागून आणली होती, "मालकाक दाखवूक व्हयी" सांगून. काका हात जोडून उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले, "बा देवा म्हाराजा, आज ही जी फळी चार घरांच्या मदी आडवी इली हा, तिचो न्याय तू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझे वडीलही म्हणाले.

मी काकांना म्हटलं, "तुम्हीच ने म्हणालात." त्यांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली. "म्हटलंय आसतलंय. नारळ खंय होतो?"

मग मी सौद्याला बसलो. माझ्या वाट्याचा आंबा देतो म्हटलं. दोन माड देतो म्हटलं. चुलतभाऊ नखं बघत होता.

"माका माड नको. माझो फणसाचो वाटो व्हयो."

"खोड तुमच्या न्हाणीत जळलं!"

"जाळलेला सगळ्यांनी मिळान जाळला. फळी तू एकट्यान नेलंस."

काका म्हणाले, "जत्रा होवंदे, मगे बघूया." पण चुलतभाऊ म्हणाला, पुनवेच्या आधी, आणि कायदा त्याच्या बाजूला होता. कायदा म्हणजे आमचा. वडील जमिनीकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे बघितलं तेवढं पुरे झालं.

मी घरातून करवत आणली. आधी स्क्रू काढून दांडी सोडवली. साग माझा होता, त्यात कुणाचा वाटा नव्हता. पिकअप काढून खिशात घातला. मग पायाखाली धरून फळी कापली, उभी एकदा, आडवी एकदा. आई ओरडत होती. तुकडे मी दारोदार नेऊन उंबऱ्यावर ठेवले. थोरल्या काकांच्या तुकड्यावर तो नारळ ठेवला आणि म्हटलं, "आता ठेवलंय." चौथा तुकडा आमच्या न्हाणीच्या चुलीत घातला आणि त्याच पाण्याने आंघोळ केली.

पुनवेला मचाणावर चुलतभाऊ उभा राहिला. लोकांनी मान वर करून बघितलं. मी तळेऱ्यात दुकान उघडं ठेवलं होतं.

दोन वर्षांनी, हंगामाच्या तोंडावर, तो दुकानात आला. खारी हवा परदेशी सही ओळखत नाही. गिटार मुकी झाली होती. कणकवलीत कुणी हात लावेना, गोव्यात जायला दिवस नव्हते.

"चार दिवसांनी पयलो कार्यक्रम," तो म्हणाला. "नायतर मालक दुसरो बघतलो."

मी स्वच्छ हात धुतले. पुसले. मग गिटार उघडली. स्पीकरची वायर खुपसायच्या भोकाशी सोल्डरचा एक टाका गंजून सुटला होता. मी झाकण परत बसवलं.

"मोठां काम आसा. करतंय. पण माका माझी फळी व्हयी. चारय तुकडे."

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याचंही थांबलं.

तीन दिवस तो दारोदार फिरला. त्याच्या आईने त्यांच्या वाट्याचा तुकडा लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवला होता. तेल मुरून काळा झालेला. धाकट्या काकीकडे त्यांच्या तुकड्यावर बांगडे साफ करत. तिने दोन दिवस रडवून दिला. थोरल्या काकांचा तुकडा त्यांच्या खाटेच्या खुराखाली होता, आणि काका अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासकट खाट उचलून त्याने तो काढला. काका विचारत होते म्हणे, कुठे नेता रे मला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने तीन तुकडे टेबलावर मांडले. बोटांना बांगड्यांचा वास येत होता.

"चौथो?" मी विचारलं.

"चौथो तुझोच मरे. तुझ्याकडेच आसतलो."

"माझो मी त्याच दिवशी जाळलंय."

शिवी देईल असं वाटलं होतं, मी तयार होतो. त्याने दिली नाही. "मगे माका फिरवलंस कित्या?" एवढंच विचारलं. मी एका गिऱ्हाइकाचा रेडिओ पुढे ओढला.

त्या हंगामात मालकाने गिटारवाला घेतलाच नाही. कीबोर्डवाला घेतला, त्यात गिटारही वाजते म्हणाला. सहीवाली गिटार चुलतभावाच्या पडवीत भिंतीला टांगलेली असते. दांडी माझ्याकडे आहे, पट्ट्या अजून सुरात आहेत. तीन तुकडे मी ठेवून घेतले. त्याने परत मागितले नाहीत.

टाका मारायला दोन मिनिटं लागली असती. तो पायऱ्या उतरला तेव्हा कांडी तापलेलीच होती.