तेलाच्या बाटल्यांची रांग

मला एका जागी बसता येत न्हाई. माझी आई म्हनायची, हिच्या पायाला भिंगरी हाय, हिला सासर लांबचं बघा. बघितलं तिसगावचं, अन् नवरा असा दिला की एकदा पाटावर बसला की दिवस मावळंस्तोवर उठायचा न्हाई.

ह्यांचं नाव गहिनीनाथ. आता नाव घ्याया लाजायचं वय गेलं, म्हनून घेते. लोक गहिनीबाबा म्हनतात. हाडं बसवायचं काम. सासऱ्यांनी शिकवलं अन् वचन घेतलं, कुनाकडून पैसा घ्यायचा न्हाई. म्हनून येनाऱ्यानं आपल्यापुरतं तेल तेवढं आनायचं. बाटलीत आना, न्हाईतर वाटीत आना.

काम कसं करायचे ते ऐका. मानूस हात धरून कन्हत आत यायचा. हे त्याचा हात मांडीवर घ्यायचे अन् इचारायचे, "बैल कुठल्या बाजाराचा?" मंग बैलाची शिंगं, बैलाचे दात, कितीला मागितला, शेवटी कितीला दिला. मी चुलीपाशी, अन् माझ्या तळपायाची आग मस्तकात. बाहेर लिंबाखाली वीस मानसं ताटकळली हायेत अन् ह्या बाबाला शिंगाचं पडलंय. कितीदा म्हनलं, "अवो, तुमी हाडाचे का बैलाचे?" तर नुसते हसायचे.

एकदा काय झालं. बाजारात वाळल्या मिरच्या विकनारी चांगुना मनगट मोडून आली. नंबर सगळ्यात शेवटचा. हे आत एका म्हाताऱ्याशी त्याच्या म्हशीवर बोलत बसलेले. दिवस कलला, मला धारा काढायच्या हुत्या, बसून बसून जीव नुसता वरखाली. मी तिला म्हनलं, "बाई, आता घरी जा, उद्या ये." ती गेली. उद्या काई आली न्हाई, घरात तिच्या सासूचं दुखनं निघालं. पंधरा दिवसांनी आली तवर हाड वाकडं जुळलेलं. ह्यांनी तो हात हातात घेतला, बघितला अन् हळूच खाली ठेवला. चांगुना मला काईच बोलली न्हाई. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासनं मी बाजारात तिच्या मिरच्यांच्या गोनपाटापुढनं जायचं सोडलं. मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायचे. ह्यांच्याशी बी त्यावर एक अक्षर बोलले न्हाई, अन् हे बी बोलले न्हाईत.

वर्सभरानं बाहत्तरचा दुष्काळ आला. रानात काडी उरली न्हाई. सगळा मुलूख खडी फोडाया अन् तलावाच्या कामावर. सवय नसलेले हात ते. कुनाचं मनगट, कुनाची कंबर, कुनी मुरमाच्या ढिगावरनं घसरलेलं. बाजारच्या दिवशी आमच्या लिंबाखाली पन्नास मानसं, अन् उशीर झाला की निम्मी परत. परत जानारा दिसला की मला चांगुनाचा हात दिसायचा. म्हनलं, बास. आता हितनं कुनी उद्यावर जायचं न्हाई.

मी बाटल्या धरल्या. जो येईल त्याची तेलाची बाटली ओट्यावर, आल्या नंबरानं. मोडलेल्यांची रांग भिंतीकडं, निखळलेल्यांची मधी, मुरगळलेल्यांची कडंला. मुरगळलेलं चोळून द्यायचं काम मीच घेतलं, इतकी वर्सं बघून तेवढं आलं हुतं. एक पुढारी धोतर सावरत पुढं घुसला अन् म्हनला, "मला वळखलं न्हाई का, रंगुबाई?" म्हनलं, "वळखलं की. तुमची सतरावी बाटली." गुमान जाऊन लिंबाखाली बसला.

अन् बोलनं सगळं बाहेर. नाव काय, गाव कुठलं, कशावरनं पडला, कवा पडला, घरी कोन कोन, सगळं मीच इचारून घ्यायचे. मानूस आत गेला की दारातनं सांगायचं, "डावा घोटा, कालचा, शिडीवरनं." ह्यांनी नुसता हात लावायचा.

आधी दिवसाला पंधरा व्हायचे, ते चाळीस व्हाया लागले. गावोगाव बोभाटा झाला, तिसगावला जा, तितं येळ मोडत न्हाई. शेवगावाकडनं बी गाड्या याया लागल्या. दुपारी लिंबाखाली चिटपाखरू नसायचं. मी कंबरेवर हात ठेवून बघत ऱ्हायचे. लई बरं वाटायचं.

फकस्त हे गप्प झाले. जेवताना बी गप्प. मी इचारलं, अंगठे दुखत्यात का? म्हनले, न्हाई. अन् आत मानसं वरडाया लागली. पयलं आमच्याकडं कुनी वरडायचं न्हाई. दोघं-तिघं दुसऱ्या दिवशी परत आले, बसलंच न्हाई म्हनून. मला वाटलं, वय झालं ह्यांचं. तरी मी बाटल्या काई थांबवल्या न्हाईत. थांबनं मला येतच न्हाई.

मंग लंकाबाई आली. तलावाच्या भरावावरनं डोक्यावरच्या पाटीसकट खाली आलेली, उजवा खांदा निखळलेला. नवरा वारलेला, दोन लेकरं, घर तिच्या एकटीच्या हजेरीवर. पडली आदल्या दिवशी. आज खांदा बसला न्हाई तर सूज धरनार, अन् मंग हात जन्माचा वर जानार न्हाई. हे तिला बी ठावं हुतं अन् आमाला बी. मी नेमानं सगळं इचारलं, दारातनं सांगितलं अन् पुढची बाटली उचलली.

ह्यांनी एकदा वढलं, बसला न्हाई. दुसऱ्यांदा बी न्हाई. लंकाबाईनं पदर दातात धरलेला, अंग लाकडागत ताठ. तिसऱ्यांदा ती किंचाळली अन् ह्यांनी जोर सोडला. मी म्हनलं, "अवो, बाहेर अजून बावीस बाटल्या हायेत."

"आत ये," म्हनले.

मी उंबऱ्याच्या आत आले. ह्यांनी लंकाबाईला इचारलं, "माहेर कुठलं गं, पोरी?"

"बाहेर सांगितलं की बाईंना."

"लेकरं कुनापाशी ठिवलीस?"

"ते बी सांगितलं, बाबा." अन् नजर आपल्या खांद्यावरनं हलंना.

हे माझ्याकडं बघून म्हनले, "बघितलंस? मानूस दुखन्याला गच्च धरून बसतं. बोलाया लागलं की इसरतं, अन् मंग हाड आपसूक जातं. तू सगळं बोलनं बाहेरच उरकून घेतीस. मी हितं काय बोलू?"

मी तशीच उभी ऱ्हायले. इतकी वर्सं ज्या शिंगांवरनं मी ह्यांचा जीव खाल्ला, ते ह्यांचं औषध हुतं. आठ महिने मी ते दारातच काढून घेत हुते. बरं, मला आधी का न्हाई सांगितलं ह्या मानसानं? पन मी ऐकाया तरी कवा उभी ऱ्हायले हुते.

ह्यांनी लंकाबाईचं मनगट परत हातात घेतलं, अलगद. अन् माझ्याकडं बघत म्हनले, "तुला बसाया येत न्हाई, रंगू. त्या दिवशी घटकाभर बसली असतीस तर चांगुनाचा हात वाकडा झाला नसता."

परक्या बाईच्या देखत. दोन वर्सं दाबून ठेवलेलं असं फाडकन म्होरं टाकलं. मंग मी कशाची ऐकते. म्हनलं, "व्हय, मीच घालवली तिला. पन ती दारात आसवं गाळत बसली हुती तवा तुमी काय करत हुता? म्हशीचं दूध मोजत हुता. मला बघवत न्हाई मानूस ताटकळलेलं. ह्या घरात कुनाला घाई न्हाई, म्हनून सगळ्यांची घाई मी एकटी करते. दोन वर्सं देवळाला वळसा घालून जातीय मी, एकदा तरी इचारलं का, कशापाई जातीस?" रडू फुटलं माझं, तरी तोंड चालूच.

लंकाबाई आ करून एकदा माझ्याकडं बघती, एकदा ह्यांच्याकडं. पदर दातातनं कवाच सुटलेला. मला म्हनाली, "खरंच इचारलं न्हाई वं त्यांनी?"

खांद्यात खुट्ट झालं.

"झालं," हे म्हनले. लंकाबाईनं खांद्याकडं बघितलं, बोटं हलवली अन् रडाया लागली. ह्यांनी तिचा हात गळ्यात बांधला, अन् पंधरा दिवस पाटीला शिवायचं न्हाई म्हनून सांगितलं.

बाकीचे बावीस झाले तवा मी ह्यांच्या हातावर पानी घातलं अन् इचारलं, "ते तिच्यासाठी बोललात का खरं बोललात?"

"खोट्यानं तू येवढी पेटली असतीस व्हय?" अंगठा अंगठ्यावर घासत बसले. मंग म्हनले, "पन त्यात माझं नाव घ्याचं ऱ्हायलं. म्हैस चांगली हुती, मी बोलत ऱ्हायलो. तिच्या रडन्याचा आवाज मला आत ऐकू येत हुता."

मी तांब्या खाली ठेवला. आमी दोघांनी एकच धोंडा उरावर घेतला हुता, अन् एकमेकाला न सांगता ताटाला ताट लावून जेवत हुतो.

बाटल्यांची रांग मोडली न्हाई, मोडनार बी न्हाई. पन बाहेर मी आता एकच इचारते, आजचं का कालचं? बैल, माहेर, लेकरं, ते सगळं ह्यांच्याकडं. चाळीसाचे तीस झाले. जे उरतात त्यांना मी घरी धाडत न्हाई, ओसरीवर झोपवते अन् भाकरी घालते.

पुढच्या बाजारी मी देवळाला वळसा घातला न्हाई. सरळ चांगुनाच्या गोनपाटापुढं जाऊन उभी ऱ्हायले. काय बोलायचं ते घरनं घोकून आले हुते, तितं एक शब्द आठवंना. तीच वर बघून म्हनाली, "दोन वर्सं झाली, तू माझ्याकडून मिरची घेत न्हाईस. मला वाटलं, माझ्या मिरचीत काई खोट निघाली."

तराजू तिनं त्याच वाकड्या हातात धरला हुता. मला उभं ऱ्हावंना. मी तिच्या शेजारी गोनपाटावर बसले, अन् बाजार उठंपर्यंत उठले न्हाई.