बर्फाला घाम येईपर्यंत

हमीदमामा गेल्याचा फोन शिरूरहून आला, तेव्हा मी दौंडच्या दवाखान्यात होते. समोर तापाचा एक रुग्ण आ करून बसला होता. आधी त्याच्या घशाचा नमुना घेतला, नळीला झाकण लावलं आणि मगच रडले. उलटं केलं असतं तर मामांनीच झापलं असतं.

मामा शिरूरच्या आमच्या दवाखान्यात प्रयोगशाळेचे मदतनीस. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथं ताप-खोकल्याच्या विषाणूंवर नजर ठेवायचं काम सुरू झालं. ताप नवा असतानाच रुग्णाच्या घशातून कापसाचा बोळा फिरवायचा, विषाणू जिवंत ठेवणाऱ्या गुलाबी पाण्याच्या नळीत घालायचा आणि सोमवारी बर्फाच्या पेटीतून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. पेटी मांडीवर घेऊन मामा एसटीनं जात. निघण्याआधी बर्फाच्या पिशव्या टेबलावर काढून नुसते बघत बसत. गाडी चुकेल म्हणून माझा जीव वरखाली. “घाम येऊ द्या त्यास्नी, बाई. लई गार बी वाईट असतंय.” मी नवीकोरी डॉक्टर, डिग्रीचा तोरा भरपूर... मला वाटे, म्हातारा वेळ काढतोय.

मग नदीकाठच्या वडगाव रासाईत तापाची साथ आली. घरटी दोन माणसं आडवी, आणि सगळं खापर नदीच्या पाण्यावर. नेमकं काय आहे ते कळायलाच हवं होतं. मामा दोन दिवस गावात हिंडले. डॉक्टरांना घसा दाखवायचा म्हणून बायका मिठाच्या गुळण्या करून, दात घासून येत. मामा हात जोडत, “माय, तसलाच घाण घसा पायजे मला!” एवढ्या खटपटीनं आणलेल्या नळ्या त्यांनी शनिवारी माझ्या हाती दिल्या आणि मी त्या थेट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. जेवढं गार तेवढं बरं, हे माझं शहाणपण! सोमवारी बघतो तर नळ्यांचे दगड झालेले. गोठून विषाणू मेले, पुण्यात त्यांतून काहीच वाढलं नाही. लगेच वरचे साहेब आले. तुमच्याकडून कामाचं काही येतच नाही, हे नमुन्यांचं केंद्र बंद करू, म्हणाले. नळ्या कुणी गोठवल्या, असं त्यांनी विचारलं आणि मी नोंदवही चाळायला लागले.

“माझ्या हातनं झालं, साहेब,” मामा म्हणाले. “आठ दिस द्या.”

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा वडगावात. नवे तापकरी, नवे घसे. ह्या खेपेला अहवाल आला, फ्लू होता. नदीवरचा आळ गेला, केंद्र टिकलं. मी मात्र गप्प राहिले ती राहिलेच. पुढं दौंडला बदली झाली तरी बोलले नाही. ह्याची मला आजही लाज वाटते.

निवृत्तीनंतरही मामांनी सोमवारची पेटी सोडली नव्हती. बर्फाच्या पिशव्या घरच्याच फ्रीजमध्ये गोठवत. ते गेल्यावर दोन आठवडे शिरूरची पेटी गेलीच नाही. तिसऱ्या सोमवारी मी सकाळीच त्यांच्या घरी पोचले आणि मामींना सांगितलं, माणूस मिळेपर्यंत पेटी मी नेणार. मामी उठल्या, पिशव्या काढून टेबलावर मांडल्या. त्यांनी तो बर्फ हलवलाच नव्हता. मग मला राहवेना.

“मामी, त्या नळ्या मी गोठवल्या होत्या.”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच दिशी सांगितलं व्हतं ह्यांनी. म्हनले, ही पोरगी आता जल्मात इसरायची न्हाई.”

मी पिशवीवरून बोट फिरवलं. अजून कोरडीच होती. गाडीला वेळ होता... आम्ही दोघी बघत बसलो.