शॉटगनची खंडेनवमी

आमच्या घरी चोर शिरले ते देवघरापर्यंत बूट घालून गेले, याचंच वैशालीला सगळ्यात वाईट वाटलं, असं मी लोकांना हसत सांगतो. ते खोटं आहे. वाईट वाटलं ते पाटल्यांचं. माझ्या आईनं जाण्याआधी स्वतःच्या हातातून काढून त्या वैशालीच्या हातात घातल्या होत्या. आम्ही त्या बँकेत न ठेवता देवाच्या भरवशावर ठेवल्या. देव राहिले, पाटल्या गेल्या.

त्यानंतर वैशाली एकटी घरात पाऊल टाकेना. ऑफिसातून आली की ड्राइव्हवेत गाडी आतून लॉक करून बसायची, मी येईपर्यंत. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतलं ते मळकट आभाळ आणि काचेमागे तिचा तो चेहरा. नवरा म्हणून माझी मलाच लाज वाटायची. अलार्म लावला (त्यानं दोनदा मलाच पकडलं), कॅमेरे लावले. शेवटी मी जाहीर केलं, शॉटगन घेऊ.

दुकानातल्या म्हाताऱ्यानं नव्या, काळ्या प्लॅस्टिकच्या दाखवल्या. माझा जीव मात्र एका जुन्या पंप-अ‍ॅक्शनवर जडला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि पुढची मूठ मागेपुढे ओढली की खटाक्-खटाक्. हा आवाज ऐकूनच चोर पळतो, म्हातारा म्हणाला. न चालवता काम करणारी बंदूक! माझ्यासारख्यासाठीच बनवलेली. वैशालीनं तिच्यावरून साडीसारखा हात फिरवला आणि मला मराठीत म्हणाली, "वापरलेली आहे. आधीचे मालक कशानं गेले, ते विचार." (जिन्यावरून पडून.)

घरी आणून मी रिकाम्या बंदुकीचा आवाज करून दाखवला. काकडी चोचवता चोचवता ती म्हणाली, ती रिक्लायनर खुर्ची आधी दुरुस्त करून घे, किती खटखटते.

आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाडीतच बसलेली.

मग खंडेनवमी आली. दरवर्षी आमच्याकडे पूजा होते ती लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि मिक्सरची. यंदा पहिल्यांदाच घरात खरं शस्त्र होतं, त्यामुळे मला चेवच चढला. हळद, झेंडू, मूठमूठ अक्षता, आणि दस्त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. आमची इरा कॉलेजातून व्हिडिओ कॉलवर होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, नो. प्लीज, नो." मी तिला आपल्या संस्कृतीवर चांगलं लांबलचक लेक्चर दिलं.

संध्याकाळी बघतो तर मूठ हलेना. काडतुसं भरायच्या खाचेतून अक्षता आत गेल्या होत्या. आणि स्वस्तिक जुन्या लाकडात मुरलं होतं. भांड्याच्या साबणानं घासलं, तर ते आणखी उजळलं.

शनिवारी दोघं दुकानात गेलो. मी बंदुकीची केस उघडली आणि दुकानातले सगळे वळून बघू लागले. दंडभर गोंदवलेला एक आडदांड गिऱ्हाईक स्वस्तिक बघून आधी माझ्याकडे पाहून प्रेमानं हसला, मग माझा चेहरा नीट बघून फार गोंधळला. म्हातारा हात मागे घेऊन उभा. इतकी वर्षं या देशात मान खाली घालून टॅक्स भरला, आता सगळं संपलं, असंच वाटलं मला.

पुढे झाली ती वैशाली. आम्ही हिंदू आहोत, हे चिन्ह आमच्याकडे शुभ, नाझींचं नव्हे, आम्ही वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतो, गाडीची करतो, मिक्सरचीही करतो, असं तिनं एका दमात सांगितलं. म्हाताऱ्यानं बंदूक उचलून हलवली. आतून तांदूळ काउंटरवर सांडले. त्यानं एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला.

"मॅडम," त्यानं विचारलं, "पूजेनंतर मिक्सर चालतो का?"

वैशाली हसली. काउंटर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाटल्या गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मला हसू आलं नाही, रडू आलं.

बंदूक साफ करायला आणि दस्ता तासायला तिथेच ठेवून आम्ही घरी आलो. ड्राइव्हवेत गाडी थांबली तशी वैशालीनं माझ्या हातातून घराची किल्ली घेतली. "तू बस. मी बघून येते. तुझ्यावर काय विसंबायचं?"

तर वैशालीला एकटीनं घरात जाता यावं म्हणून मी बंदूक घेतली, आणि ती जाते. सगळे दिवे लावते, कपाटंसुद्धा उघडून बघते आणि मग मला हाक मारते. तोवर मी गाडीत असतो, आतून लॉक करून.